पाटीच्या वर बघा: नाशिकच्या जुन्या बाजारातली एक सकाळ

सकाळी पावणेसातला रविवार कारंजावर रिक्षातून उतरलो. दुधाच्या गाड्या आणि पेपर टाकणारी पोरं, एवढीच काय ती वर्दळ. जुनी दुकानं बघायला हीच वेळ हवी. दहानंतर गेलात तर माल, छत्र्या आणि टांगलेल्या साड्यांमागे इमारत दिसतच नाही.

अमेरिकेत जुन्या सुपरमार्केटच्या इमारती ओळखण्याचा छंद पुष्कळांना आहे. दुकान कधीच बंद झालेलं असतं आणि आत व्यायामशाळा नाहीतर प्रार्थनाघर चालतं, पण कमानदार छत दिसलं की ही मंडळी सांगतात, हे मूळचं सेफवे या सुपरमार्केट कंपनीचं दुकान. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरिना भागात 1959 मध्ये उघडलेल्या दुकानाचं तसलं छत त्या कंपनीने पुढे गावोगाव वापरलं. हे वाचलं तेव्हाच मनात आलं, आपल्या पेठांतली दुकानं अशी वाचता येतील का? येतात, आणि फार सुंदर वाचता येतात. फक्त नजर पाटीच्या वर न्यावी लागते. तळमजला प्रत्येक पिढी बदलते: शटर, काच, फरशी, दिवे. माडीला सहसा कोणी हात लावत नाही.

सराफ बाजाराकडे निघालो की मान वर ठेवा. चकचकीत फलकाच्या वर सागवानी सज्जा, त्याला खालून धरणारे कोरीव घोडे म्हणजे लाकडी टेकू, दोन खांबांमध्ये महिरप. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब अजून काही ठिकाणी टिकून आहेत. त्यांच्या डोक्यावर केळफूल कोरलेलं दिसलं तर थांबाच. मग खांबांमधलं अंतर मोजा. जुनं बांधकाम खणांच्या हिशेबाने व्हायचं आणि एक खण साधारण पाच-सहा फुटांचा, कारण तुळईचं लाकूड तेवढ्याच अंतरावर आधार मागतं. दुकानाची रुंदी त्यातूनच ठरायची. एक खण म्हणजे छोटा धंदा, तीन खण म्हणजे पेढी. आज शटरं कशीही लागलेली असोत, वरचे खांब मोजले की खाली मूळची किती दुकानं असतील याचा अंदाज बांधता येतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

एका गल्लीत फळ्यांचं दुकान उघडताना बघायला मिळालं. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच, तिच्यात एकेक उभी फळी सरकवलेली. फळ्यांवर खडूने आकडे, कारण क्रम चुकला तर शेवटची बसत नाही. मी फोटो काढायला लागलो तसे आतले आजोबा म्हणाले, “फोटो कशाला काढता?” सांगितल्यावर त्यांनी ओट्यावर बसवलं. “आमच्याकडं गिऱ्हाईक आत येत नव्हतं, हितंच बसायचं. आम्ही आत गादीवर.” सुपरमार्केट नेमकं याच्या उलटं. मेम्फिसमध्ये 1916 साली पिगली विगली नावाच्या दुकानाने गिऱ्हाइकाला टोपली देऊन मालामध्ये सोडलं, तेव्हापासून दुकानाला आत खोलवर जागा लागली, मालाच्या रांगा लागल्या, बाहेर पडायला वेगळी वाट लागली. आपल्या दुकानाला लागायचा तो ओटा. म्हणून ओटा तोडून केलेल्या पायऱ्या दिसल्या की वाईट वाटतं.

सराफ बाजारालगतचा सरकारवाडा चुकवू नका. पेशवेकालीन आहे. लाकूडकाम तिथे निवांत बघता येतं, आणि मग तेच घटक दुकानांच्या माड्यांवर ओळखू येतात. खरं तर सुरुवातच तिथून करावी. मी उलट गेलो.

पुढे भांडी बाजार. तांब्या-पितळेसाठी नाशिकचं नाव आहे, पण मी बघत होतो जोती, म्हणजे इमारतींचे चौथरे. काळ्या दगडाची, रस्त्यापेक्षा बरीच वर. गोदेला पूर आला की पाणी इथवर चढतं. 2 ऑगस्ट 2016 ला सराफ बाजार आणि भांडी बाजार दोन्हींत शिरलं होतं. रस्ता दरवेळी डांबराने उंच होतो आणि जोतं बुडत जातं, तेही नीट पाहिलं की कळतं.

जाणाऱ्यांसाठी: नाशिकरोड स्टेशनावरून शहर नऊ-दहा किलोमीटर आहे, बस किंवा रिक्षा मिळते. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून चालत येता येतं. गाडी आणू नका, गल्ल्या अरुंद आहेत. छोटी दुर्बीण असेल तर कोरीवकामासाठी घ्या. सराफ कट्ट्यावर विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. सोन्याचा बाजार आहे, त्यांची काळजी रास्त आहे. माडीच्या कपाळावर शके दिसलं तर 78 मिळवा: शके 1850 म्हणजे इ.स. 1928. बुधवारी घाटावर आठवडे बाजार असतो, तेव्हा इमारती बघायच्या असतील तर दुसरा दिवस निवडा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटाकडे उतरू नका.

साडेनऊला मी घाटावर पोहोचलो. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी होतं. गावकरी पुराची उंची त्याच्या अंगावरच मोजतात: गुडघ्याला, कमरेला, छातीला. मागे वळून भांडी बाजाराकडे पाहिलं तर चढ लक्षात आला, आणि ती काळी जोती तेवढी उंच का, हेही.