शिर हाती घेतलेल्या बिशपांच्या वाटेने

पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीपासून सां-दनीच्या, म्हणजे संत डेनिस यांच्या, बसिलिकेपर्यंतची (मोठ्या मानाच्या चर्चपर्यंतची) वाट जेमतेम सहा-सात किलोमीटरची आहे आणि आळंदी-देहूहून निघणाऱ्या पालख्यांच्या मुक्कामांची नावे ऐकत वाढलेल्या माणसाला तिला वारी म्हणताना थोडे ओशाळल्यासारखेच होते. तरीही ती पायीच करायची हे माझे ठरलेले होते, कारण पॅरिसचे पहिले बिशप संत डेनिस यांची सर्वांत प्रसिद्ध कथा चालण्याचीच आहे. टेकडीवर शिरच्छेद झाल्यावर त्यांनी आपले शिर दोन्ही हातांत उचलून घेतले, तशाच अवस्थेत ते उत्तरेकडे चालत गेले आणि जिथे त्यांनी अखेर देह ठेवला तिथे आजची बसिलिका उभी आहे, असे ती कथा सांगते.

इतिहासाला ठाऊक असलेले डेनिस याहून फार साधे आहेत. तूर शहराचा बिशप ग्रेगरी 6व्या शतकात लिहितो की, रोमन सम्राट देसियसच्या काळात, म्हणजे इ. स. 250 च्या सुमारास, गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, सात बिशप पाठवले गेले; त्यांतले पॅरिसचे डेनिस यांनी ख्रिस्ताच्या नावासाठी पुष्कळ छळ सोसला आणि तलवारीने त्यांचा अंत झाला. एवढेच. धर्मगुरू रुस्तिकुस आणि डीकन (धर्मगुरूखालच्या पायरीचे सेवक) एल्यूथेरिउस हे त्यांच्यासोबत मारले गेलेले दोन सोबती पुढच्या परंपरेत येतात.

मी ऑक्टोबरात, 9 तारखेच्या त्यांच्या सणाच्या आसपास, मोंमार्त्रच्या दक्षिण उतारावरील इव्होन-ल-ताक या गल्लीतून निघालो. परंपरेने या रक्तसाक्ष्यांचे, म्हणजे हुतात्म्यांचे, स्थान मानलेले तळघरातील चॅपल इथे आहे. मूळ वास्तू फ्रेंच राज्यक्रांतीत नष्ट झाली आणि आजची 19व्या शतकातली आहे. मी वसईचा कॅथलिक असल्यामुळे या गल्लीशी माझे दुसरेही नाते निघते. 15 ऑगस्ट 1534 रोजी इथेच येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी व्रत घेतले आणि त्या सहांमध्ये फ्रान्सिस झेवियर होते. झेवियरांच्या 3 डिसेंबरच्या फेस्तासाठी (सणासाठी) जुन्या गोव्याला पायी जाणाऱ्या भाविकांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, त्यांच्या सायबाचा प्रवास पॅरिसच्या एका हुतात्मा बिशपाच्या चॅपलातून सुरू झाला?

टेकडीच्या माथ्यावर पर्यटकांचीच गर्दी होती, त्यामुळे तिथे मी रेंगाळलो नाही. मागच्या बाजूच्या एका लहानशा बागेत मात्र डेनिस यांचा दगडी पुतळा आहे. शिर पोटाशी धरलेले, हात शांत, जणू कुणाची वस्तू परत करायला निघाले आहेत. अशा मूर्ती घडवणाऱ्यांपुढे तेजोवलय नेमके कुठे दाखवायचे, धडावर की हातातल्या शिराभोवती, हा प्रश्न असे आणि ज्याने त्याने तो आपापल्या परीने सोडवलेला दिसतो.

तिथून मों-सनी रस्त्याच्या पायऱ्या उत्तरेकडे उतरतात. पूर्वी सां-दनीच्या मठातले संन्यासी दर सात वर्षांनी उलट दिशेने, म्हणजे मठातून टेकडीकडे, संतांचे शिर मिरवत येत असत. पालखीत पादुका पाहण्याची सवय असलेल्या माझ्या मनाला त्या मिरवणुकीची कल्पना करायला वेळ लागला नाही. ज्या अंगाने संत ओळखले जातात तेच पुढे चालते.

पुढे रेल्वेचे रूळ ओलांडून ला शापेल वस्तीत आलो. श्रीलंकेतील तमिळ लोकांचे गणपतीचे देऊळ इथेच पाजोल रस्त्यावर आहे; बाप्पाला बाहेरूनच हात जोडले. जवळच संत डेनिस यांच्याच नावाचे जुने चर्च आहे. सप्टेंबर 1429 मध्ये पॅरिसवर चालून जाण्याआधी जोन ऑफ आर्कने तिथे प्रार्थना केली, असे सांगतात.

शहराभोवतीचा वर्तुळाकार महामार्ग ओलांडला की सां-दनीचे मैदान लागते. मैदान नावापुरतेच, आता कार्यालये, गोदामे, पुढे मोठे स्टेडियम, आणि रुंद सरळ रस्ता. चालायला हा भाग सर्वांत रुक्ष, पण मला सर्वाधिक विचार याच टप्प्यात सुचले. कारण एका जुन्या चरित्रात मृतदेहांचे काय झाले याची वेगळीच हकीकत आहे. तिघांचे देह सेन नदीत फेकायला निघालेल्या माणसांना कातुल्ला नावाच्या एका प्रतिष्ठित बाईने जेवायला बसवले, ते खाण्यापिण्यात गुंतले असताना देह हलवले आणि नांगरलेल्या शेतात पुरून टाकले. वर पीक वाढले आणि जागा झाकली गेली. संत स्वतः चालत गेले असतील तर या बाईला एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी एकत्र नीट बसत नाहीत आणि मला विचाराल तर मी कातुल्लाच्या बाजूचा आहे. चमत्काराचा मला राग नाही, पण पहारेकऱ्यांना पोटभर वाढून त्यांच्या नाकाखालून बिशप पळवणारी बाई मला अधिक खरी वाटते.

सुमारे 475 मध्ये संत जनव्हिएव यांनी या कबरीवर चर्च बांधवून घेतले. पुढे 9व्या शतकात मठाधिपती हिल्दुइन याने पॅरिसच्या डेनिस यांना, येशूचा प्रेषित संत पौल याच्या उपदेशाने अथेन्समध्ये श्रद्धावान झालेला दियोनिसियस ठरवून टाकले आणि माणूस दोनशे वर्षे मागे नेला. 12व्या शतकात याच मठात राहणाऱ्या अबेलार या तत्त्वज्ञाने त्यावर शंका घेतली, तेव्हा संन्यासी इतके खवळले की त्याला पळ काढावा लागला.

बसिलिकेत पोहोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. मधल्या दालनात कुणालाही जाता येते. राजांच्या कबरी आणि मागचा भाग पाहायला तिकीट लागते. तो मागचा भाग मठाधिपती स्युजे यांनी बांधवून 1144 मध्ये पवित्र करवला आणि गॉथिक वास्तुशैलीची सुरुवात तिथूनच मानतात. नवे बांधकाम का करावे लागले, याचे एक कारण स्युजे यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सणाच्या दिवशी जुन्या चर्चमध्ये इतकी चेंगराचेंगरी होई की बायका किंचाळत आणि अवशेष दाखवणाऱ्या संन्याशांना ते घेऊन खिडक्यांतून बाहेर पडावे लागे. पंढरपुरात एकादशीला दर्शनबारीत उभे राहिलेल्या कुणालाही याचे नवल वाटणार नाही.

मी गेलो तेव्हा तिघांच्या अवशेषांच्या पेट्यांपुढे कुणीच नव्हते. तिकीट काढून आलेले लोक सोळाव्या लुईची कबर शोधत होते. त्यामुळे रुस्तिकुस आणि एल्यूथेरिउस यांच्यासाठीही मला सवडीने प्रार्थना म्हणता आली, आणि कातुल्लासाठीही एक म्हटली.