भात सोडलेला नाही

वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगडे घेताना, लग्नाच्या पंगतीत, चवथीला आलेल्या चाकरमान्यांच्या गराड्यात, सगळीकडे तोच प्रश्न. "गो, भात सोडलंस म्हणे? मगे खातंस तरी काय?" वर एक कीव केल्यासारखा चेहरा. जणू कोणी मला वाळीतच टाकलंय.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. माझी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून खाणं बदललंय; भात सोडलेला नाही. दुपारी एक मूद खाते, उकड्या तांदळाची. फक्त आधी भाजी, मग मासा आणि भात सगळ्यात शेवटी. असं खाल्लं की रक्तातली साखर दमाने चढते. रात्री कुळथाची पिठी आणि भाकरी, मग शेजारणीबरोबर बंदरापर्यंत चालत जाऊन परत. सोलकढी मनसोक्त पिते, कारण ती आगळाची, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या रसाची असते. पाहुणे आले की ग्लासात येतं ते अमृत कोकम. तो साखरेचा पाक, त्याला हात लावत नाही. आंबा? खाते. मध्यम हापूसात वीसेक ग्रॅम साखर असते, म्हणून ज्या दिवशी आंबा त्या दिवशी भाताची मूद अर्धी. आमरस-पुरी मात्र बंद.

आणि कृपा करून "नाचणी खा, नाचणी खा" हे थांबवा. नाचणी चांगलीच आहे. पण बारीक पिठाची पातळ आंबील ढोसली की माझं साखर मोजायचं मशीन पेजेइतकाच आकडा दाखवतं. भाकरीला तसं होत नाही. धान्य कुठलं याच्याइतकंच ते किती दळलं, किती शिजवलं याला महत्त्व आहे, पण हे सांगायला लागले की लोक घड्याळ बघतात.

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c ही रक्ततपासणी) 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 आणि वर म्हणजे घरात. गोळी नाही, काही नाही. "एवढ्याशा आकड्यासाठी एवढं?" असंही विचारलं जातं. त्याचं उत्तर मी सहसा टाळते.

आईला साखर होती. गोळ्या चालू होत्या, अधूनमधून विसरायची. ओहोटी लागली की खाडीवर कालवं काढायला जायची, अनवाणी, लहानपणापासून तशीच. त्या दिवशी आली, टोपली ठेवली आणि ओटीवर बसून कोयतीने कालवं फोडायला लागली. मी ओटी पुसत होते. तिच्या ओल्या पावलांच्या कडेला लाल दिसलं. मला वाटलं, माशाचं असेल. पुसलं. ती पाणी आणायला उठली, परत तेच. मग तिचा पाय हातात धरून उलटा केला. अंगठ्याच्या मुळापासून तळव्याच्या मध्यापर्यंत शिंपेने चिरलेलं, आत चिखल आणि रेती.

"आये, पाय कापलो तुजो."

"खंय?" तिने वाकून पाहिलं. दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसं. "माका कळलाच नाय."

हळद दाबली, चिंधी बांधली आणि उरलेली कालवं फोडली. मी दवाखान्यात चल म्हणून ओरडले, ती माझ्यावर ओरडली. रात्री कालवांचं सुकं झालं. मी जेवले. चविष्ट होतं, आणि ते मला अजून सहन होत नाही.

आठवड्याभरात अंगठा काळा पडला, खोलीत वास यायला लागला. आंबोली घाटातून गाडीने कोल्हापूर. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. सर्जननी समजावलं: वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तही पोचत नाही, जखम दुखत नाही म्हणून कळत नाही. आई घरी आल्यावर म्हणाली, भातान काय झाला नाय. आणि पेज मागितली.

तिच्याशी मी तेव्हा भांडले, पेजेची वाटी हातातून काढून घेतली. ती शेजारी जाऊन प्यायची, मला माहीत होतं. आज वाटतं, वाटी काढून घेणारी मी बरोबर होते की नव्हते, सांगता येत नाही. भातानेच झालं असं कोण छातीठोक सांगेल? तिच्या आईने तिच्याहून जास्त भात खाल्ला. पण ती दिवसभर चिखलात लावणी करायची. आमची शेती गेली, दारात स्कूटर आली आणि ताटातला भाताचा डोंगर तसाच राहिला. पलीकडच्या गोव्याचं ताट आपल्यासारखंच; 2023 साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासाचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वात जास्त तिथेच, 26.4 टक्के. हे सांगितलं की "ते दारू पितात" म्हणून विषय संपवतात.

चेन्नईला उंबरठ्यावरच्याच लोकांवर एक अभ्यास झाला होता, 2006 साली छापून आला. खाणं आणि चालणं बदललेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण न बदललेल्यांपेक्षा सुमारे 28 टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे बदलूनही कित्येकांना झालाच. मला ठाऊक आहे. मलाही होईल कदाचित, आणि तेव्हा "बघ, भात सोडून काय मिळालं?" असं विचारायला तुम्ही याल.

एवढं सगळं तुम्हाला सांगू शकते. चवथीला पानात पाचवा मोदक घेऊन उभी राहणारी, "आये असती तर तिच्या हातचो खाल्लंच असतंस मां?" म्हणून डोळ्यांना पदर लावणारी माझी काकी आहे, तिला काय सांगायचं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.