तळीला पाचवा हात

आषाढातल्या कांदेनवमीला आमच्याकडे कांदाभजी, थालीपीठं, भरीत असा बेत होतो आणि दुसऱ्या दिवसापासून वांगं घरात येत नाही. येतं ते थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. जवळजवळ पाच महिने! माझं माहेर तुळजाभवानीचं आणि सासर खंडोबाचं, त्यामुळे लग्नानंतर पहिल्या वर्षी हे फार जड गेलं होतं. आता षष्ठीच्या सकाळी गॅसवर वांगी भाजायला ठेवली, साल तडकून रस जाळावर चुरचुरला आणि तो धुरकट वास घरभर पसरला, की खरा सण लागल्यासारखं वाटतं.

खंडोबाचं नवरात्र सहा दिवसांचं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, घट बसतो आणि षष्ठीला उठतो. तोवर नंदादीप विझू द्यायचा नाही आणि घटावर रोज एक माळ चढवायची. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळलं, तेव्हा शंकरांनी मार्तंडभैरवाचा अवतार घेऊन या दिवशी त्यांचा नाश केला, अशी ‘मल्हारी माहात्म्या’तली कथा. सासरे ती दरवर्षी सांगायचे आणि मणीपाशी आले की आवाज खाली आणायचे. मरताना मणी शरण आला आणि त्याने देवाजवळ जागा मागितली. देवाने ती दिली. “शत्रूलासुद्धा पायाशी घेतलं बघ,” असं म्हणून ते क्षणभर थांबायचे.

त्या दिवसाचा प्राण म्हणजे तळी. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, एक नाणं आणि भरपूर भंडारा. शेजारी दिवटी पेटलेली. तीन, पाच, सात अशा विषम संख्येने माणसं भोवती बसतात, ताम्हणाला हात लावतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा वर उचलतात. येळकोट हा शब्द कानडीतून आलाय असं म्हणतात. ‘येळु’ म्हणजे सात, म्हणून सात कोटी. मैलार, नळदुर्ग, पाली, जेजुरी अशी या देवाची ठाणी कर्नाटक-महाराष्ट्रात पसरलेली, तेव्हा भाषाही त्याच्याबरोबर चालत आली असणार. तळी खाली टेकवायची ती जमिनीवर नाही, टोपीवर. आमच्याकडे ती टोपी सासऱ्यांची.

सासरे गेल्यानंतरची पहिली षष्ठी आली तेव्हा घरात हात मोजायची वेळ आली. आमच्याकडे तळी पाच जणांनीच उचलायची आणि पाचही पुरुष, हा रिवाज. दीर परगावी, त्यांना सुट्टी नाही. मिस्टर आणि मुलगा, झाले दोन. समोरच्या फ्लॅटमधले काका आणि त्यांचा जावई आनंदाने आले. त्यांचं कुलदैवत कोकणातलं, तरी काका आंघोळ करून, सोवळं नेसून आले होते. चार झाले. पाचवा कोण?

सासूबाई देवासमोर वाती वळत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तू धर गं.”

मी म्हटलं, “आई, आपल्यात बायका धरत नाहीत ना?”

“देवाच्या बायका बघ. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण. त्याने कुणाला लांब ठेवलंय? धर.”

हा देव खरंच असाच आहे. धनगर, कोळी, रामोशी, मराठे, देशस्थ ब्राह्मण अशा कितीतरी घरांचं हे कुलदैवत. होळकरांचंही तेच, आणि त्यांनी जेजुरीचा गड बांधण्यात केवढं काम केलं! मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) हे जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा यांच्यामागे किती वर्षं महाराष्ट्रात हिंडले, हे सासरे मोठ्या अभिमानाने सांगत. हे सगळं मला ठाऊक होतं, पण आपल्या स्वयंपाकघराच्या दारात ते येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मी हात धुऊन बसले. पितळेचा काठ गार लागला. पहिल्या येळकोटाला माझा आवाजच फुटला नाही, दुसऱ्याला फुटला, तिसऱ्याला मुलगा माझ्याकडे बघून एवढ्या जोरात ओरडला की भंडारा उडून माझ्या मनगटावर सांडला. मग ताम्हण टोपीवर टेकवलं.

बाजरीचे रोडगे, भरीत, पातीचा कांदा असा नैवेद्य झाला. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, म्हणून पहिला रोडगा घेऊन सासूबाई स्वतः जिना उतरल्या. खाली वॉचमनच्या खुर्चीपाशी बसणाऱ्या कुत्रीच्या कपाळाला त्यांनी भंडारा लावला आणि तिचं खाऊन होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

ती टोपी आम्ही धूत नाही. आतली पट्टी घामाने काळी झालेली आणि माथ्यावर वर्षानुवर्षांचा भंडारा बसून पिवळा गोल पडलेला. त्या दिवशी तळी उचलल्यावर मुलाने ती झटकली नाही, तशीच दोन्ही हातांनी धरून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.