फळ्यावर लिहिलेली रोपे : आमची वाटचाल

2011 साली साताऱ्याजवळ, कोरेगाव रस्त्यालगत, घरच्या जमिनीपैकी दहा गुंठ्यांवर शेडनेट उभारून माझ्या पतीने आणि मी औषधी व सुगंधी वनस्पतींची रोपवाटिका सुरू केली. भांडवल म्हणावे असे विहिरीचे पाणी होते आणि सासूबाईंचा परसातला अनुभव होता. तुळस, गवती चहा, पुदिना, अडुळसा, कोरफड आणि पानओवा अशी सहाच रोपे आम्ही करत होतो. ही सगळी थोड्याफार निगराणीवर बारा महिने तगत असल्यामुळे पिशव्या भरायच्या, फाटे लावायचे आणि विकायचे, एवढाच हा धंदा आहे असा आमचा समज झाला होता.

तो समज कळलावीने मोडला. दुसऱ्या वर्षी आम्ही कळलावी, सफेद मुसळी, शतावरी आणि गुळवेल वाढवली, आणि श्रावणात कळलावीला लाल-पिवळी फुले आल्यावर तिच्या कुंड्या पाहता पाहता संपल्या. पुढे जानेवारीत वाईचे एक गृहस्थ रिकामी दिसणारी कुंडी घेऊन आले आणि मेलेले रोप विकल्याबद्दल त्यांनी आम्हाला चांगलेच सुनावले. मी हातमोजे घालून ती कुंडी गोणपाटावर उपडी केली. कोरड्या मातीच्या ढेकळातून नांगराच्या फाळासारखा दुफाटा, टणक कंद निघाला. (संस्कृतात तिला लांगली म्हणतात, ते या कंदावरूनच.) थंडीच्या सुमारास तिचा वेल वाळतो, कंद मातीत पडून राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा कोंब धरतो, हे त्यांना समजावून सांगितल्यावर ते शांत झाले; पण हे विकतानाच सांगायला हवे होते, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. कंद विषारी आहे, मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये, हेही आम्ही तेव्हा तोंडीच सांगत होतो. आता दोन्ही गोष्टी प्रत्येक कुंडीच्या चिठ्ठीवर छापलेल्या असतात.

त्याच महिन्यात फाटकाजवळ शाळेतला एक जुना फळा टांगला आणि त्यावर कोणते रोप आज मिळेल, कोणते कधी मिळेल ते लिहायला सुरुवात केली. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन रकान्यांनी काम भागेना, म्हणून ‘झोपेत’ असा तिसरा रकाना करावा लागला. त्यात कळलावीखाली सफेद मुसळी येते, कारण पाऊस सरल्यावर तिचीही पाने वाळून जातात. उन्हाळ्यात पानगळ झालेली गुळवेलही याच रकान्यात असते. तिच्या उघड्या काड्यांना गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि पहिल्या पावसानंतर त्याच काड्या सगळ्यांना हव्या असतात.

तुळशीच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने झाली. ती कधीही येते म्हणून सुरुवातीची दोन वर्षे आम्ही नवरात्रात बी पेरले, आणि तुळशीच्या लग्नाला आमच्याकडे बोटभर उंचीची रोपे होती, जी वृंदावनात लावायला कोणीही नेईना. सासूबाईंनी तेव्हा एका वाक्यात हिशेब सांगितला: आषाढीला पेरायची आणि कार्तिकीला विकायची. चातुर्मासाचे हे चार महिने आम्ही तेव्हापासून चुकवलेले नाहीत.

दवण्याला मात्र थंडीच हवी. दिवाळीनंतर बारीक बी वाळूत मिसळून फेकतो. बी जुने झाले की उगवण फार घटते, म्हणून ते दरवर्षी ताजे धरावे लागते. चैत्रात शिखर शिंगणापूर आणि जोतिबाच्या यात्रांमुळे आमचा एकुलता एक वाफा आठवडाभरात रिकामा होतो. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. यात्रा भरल्या नाहीत, दवणा तसाच उभा राहिला, आणि शेवटी कापून शेडच्या आढ्याला बांधलेल्या त्याच्या जुड्यांचा वास आषाढापर्यंत येत होता. त्या वर्षी गुळवेलीच्या फाट्यांनी आमचा संसार चालवला, हे मान्य करायला हवे.

हॉटेले आणि हौशी गच्चीबागवाले रोजमेरी आणि थाईम मागू लागले तेव्हा आम्ही तीही घेतली. ही रोपे थंडीत फाट्यांपासून चांगली धरतात, पण मुळाशी पाणी साचलेले त्यांना मुळीच चालत नाही, म्हणून रोहिणी संपायच्या आत ती प्लास्टिकच्या छपराखाली हलवायची अशी आमची रीत होती. 2025 साली मे महिन्यातच मान्सून महाराष्ट्रात आला. छपराचा कागद अजून घडीतच होता, आणि रोजमेरीचे चार ट्रे देठापासून काळे पडून गेले. आता तो कागद अक्षय्य तृतीयेलाच चढतो.

फळ्यावरचे महिने सगळ्या जिल्ह्याला सारखे लागू पडत नाहीत, ही अडचण मात्र आजही आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर माण-खटावात तो पाचशेच्या आसपासच घुटमळतो. त्यामुळे शतावरीचे जे रोप म्हसवडला पहिला चांगला पाऊस होताच लावावे असे आम्ही सांगतो, तेच मेढ्याच्या शेतकऱ्याला भाद्रपदापर्यंत थांबवून देतो. त्यांच्यापैकी काही जण रागावून दुसरीकडे जातात. विक्री जाते याचे वाईट वाटते, पण जूनमध्ये नेलेले रोप जुलैत कुजले की पुन्हा आमच्याच फाटकाशी येते.

दवण्याची पेरणी यंदाही दिवाळीनंतरच होईल. चैत्रासाठी ज्यांना हवा आहे त्यांनी पौषातच वहीत नाव लिहून ठेवावे, कारण वाफा अजूनही एकच आहे.