आमची वाटचाल: थेरपीच्या खोलीतून घरात

उशिरा बोलणाऱ्या लहान मुलांसाठी हे केंद्र सुरू झालं तेव्हा सगळीकडे चालत आलेली पद्धतच इथेही होती. मूल आत, पालक बाहेरच्या बाकावर, आणि पाऊण तासाने दार उघडून 'आज छान बसला' एवढा निरोप. आज पालक आत, जमिनीवर, मुलासमोर बसतात आणि वेळेचा मोठा भाग आम्ही त्यांच्याबरोबर काम करतो. दोन वर्षांचं मूल दिवसातले बारा तास जागं असतं असं धरलं, तर थेरपीचे आठवड्यातले दोन तास वजा जाता ऐंशीहून जास्त तास ते घरच्यांबरोबर असतं. भाषा त्या तासांत शिकली जाते.

ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय आम्ही थेरपीची आखणी करत नाही. 'टाळी वाजवली की वळून बघतो' हा पुरावा पुरेसा नाही. टाळी मोठी असते. स, श, फ यांसारखे उंच पट्टीतले बारीक आवाज ऐकू येत नसले तरी मूल टाळीकडे वळतं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर ऐकणं कधी बरं, कधी कमी असं होत राहतं, म्हणून टिंपॅनोमेट्रीही (कानात हलका हवेचा दाब देऊन पडदा कसा हलतो ते पाहणारी तपासणी) हवी. जन्मानंतरची ओएई चाचणी (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी झटपट तपासणी) व्यवस्थित आली म्हणून पुढे कधी ऐकू कमी येणारच नाही असंही नाही. बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला ऐकण्याच्या नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, बहुधा झोपेत करतात, त्यामुळे वेळ मुलाच्या झोपेप्रमाणे घ्यावी.

पालक बहुतेकदा उशिरा येतात, कारण 'याचे बाबाही उशिराच बोलले' असं ऐकवलेलं असतं. खरं तर घरात आधी कुणी उशिरा बोललं असेल तर ते लवकर तपासण्याचं कारण आहे. वर्षाचं होऊनही बडबडीचे आवाज नाहीत, बोट दाखवत नाही. दीड वर्षात एकही शब्द नाही. दोन वर्षांत 'बाबा ये' अशी दोन शब्दांची जोडी नाही. यांतलं काहीही दिसलं की थांबू नये. येत असलेले शब्द गेले तर कोणत्याही वयात लगेच दाखवावं. घरात दोन भाषा असणं हे उशिराचं कारण नव्हे. आईवडिलांनी आपली भाषा सोडून मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत बोलायला लागू नये.

घरासाठी आम्ही वेगळा 'अभ्यास' देत नाही, रोजचीच कामं वापरतो. मोजे घालणं घ्या. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. 'मोजा. पायात. ओढ, ओढ.' इतकंच बोलायचं, आणि मोजा अर्ध्यावर आला की हात थांबवून मनात सात आकडे मोजायचे. चेहऱ्यावर उत्सुकता, तोंड बंद. मूल बघेल, पाय पुढे करेल, 'ओ' म्हणेल, किंवा काहीच करणार नाही. काहीही केलं तरी ते बोलणं मानायचं, लगेच 'ओढ!' म्हणायचं आणि मोजा वर ओढायचा. काहीच केलं नाही तरी आपण शब्द म्हणून मोजा घालून टाकायचा. रोज तोच शब्द, त्याच क्षणी.

हे बिघडतं ते ठरलेल्या जागी. मोठी माणसं दुसऱ्या आकड्यालाच पुन्हा बोलतात. 'बोल ना, बोल, मग देते' असं सुरू होतं आणि मूल तोंड फिरवतं. कुणी वस्तू रडेपर्यंत अडवून धरतं. त्यातून मूल रडून मागायला शिकतं. 'हे काय? ते काय?' ही प्रश्नांची सरबत्ती आम्ही पहिल्याच आठवड्यात कमी करायला सांगतो. एका प्रश्नामागे तीन-चार साधी वाक्यं असावीत, आणि मुलापेक्षा एकच शब्द पुढे राहावं: ते 'गाडी' म्हणालं की आपण 'गाडी गेली'.

शब्दही निवडून घ्यावे लागतात. रंग, आकडे, फळांची नावं यांचा पालकांना फार ओढा असतो, पण दिवसभर उपयोगी पडतात ते 'दे', 'ये', 'नको', 'अजून', 'संपलं', 'उघड'. आपल्यामागून नुसता म्हटलेला शब्द आम्ही मुलाच्या शब्दांच्या वहीत धरत नाही. स्वतःहून, त्याच अर्थाने, दोन वेगळ्या ठिकाणी वापरला की धरतो. उच्चार अर्धा असला तरी चालतो. 'पाणी'साठी नेहमी 'पा' म्हणत असेल तर तो शब्दच आहे.

स्वतःच गाणारी, बोलणारी खेळणी आम्ही खोलीतून काढली, कारण ती चालू असली की मोठी माणसं गप्प होतात. ठोकळे, बाहुली, साबणाचे फुगे आणि घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी यांत भरपूर काम होतं. हवं ते चित्र दाखवून मागण्यासाठीचे चित्रांचे तक्ते मात्र वाढवले. चित्र दाखवायची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. मागणं पोचायला लागलं की चिडचिड कमी होते, आणि बऱ्याच मुलांचे आवाजही वाढतात.

कामाचं वेळापत्रक यामुळे बदललं. घरून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मागवतो आणि तो पाहण्याचा वेळ थेरपिस्टच्या कामाच्या तासांत धरतो, म्हणून दिवसाला कमी मुलं घेतो. दिवसभर मुलाला आजी सांभाळत असेल तर शिकायला आजीनेच यावं, असा आग्रह धरतो. आजी पटकन शिकतात. त्यांना फक्त मागण्याआधीच सगळं हातात देणं थांबवावं लागतं.

मूल स्वतःहून वाक्यं जोडू लागलं, अनोळखी माणसाला त्याचं बरंचसं बोलणं कळू लागलं, की आठवड्याची भेट महिन्यावर नेतो आणि मग थांबवतो. शाळा सुरू होताना एकदा पुन्हा तपासतो. उशिरा बोललेल्या काही मुलांना गोष्ट क्रमाने सांगणं आणि वाचन तेव्हा अवघड जातं, आणि वर्गात ते सहज लक्षात येत नाही.