माळ्यावरचे व्हिडिओ गेम विकायला काढण्याआधी

जुनी कन्सोल काढून टाकायची ठरली की पहिला हात मोबाइलकडे जातो. चादरीवर सगळं मांडायचं, एक फोटो काढायचा आणि ‘ओल्ड व्हिडिओ गेम कलेक्शन, चालू कंडिशन, प्राइस निगोशिएबल’ असं लिहून ओएलएक्सवर टाकून द्यायचं. मग ‘लास्ट प्राइस?’ असे मेसेज सुरू होतात. त्यांत एखादा असा निघतो ज्याला त्या फोटोतली नेमकी एकच वस्तू हवी असते. तो अख्खा ढीग घासाघीस करून उचलतो, ती एक स्वतःला ठेवतो आणि उरलेलं पुढे विकून पैसे वसूल करतो. विकायचं, वाटायचं की ठेवायचं हे नंतर ठरवा. आपल्याकडे नेमकं काय आहे ते आधी बघा, कारण आपल्याकडच्या घरांत महागडं समजून जपलेलं बरंचसं कवडीमोलाचं असतं आणि खरी किंमत भलतीकडेच दडलेली असते.

नव्वदच्या दशकातला घरोघरीचा ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे बहुतेक वेळा निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. आत उघडून पाहिलं तर चिपच्या जागी बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा गोळा दिसतो. त्याच्या कॅसेटला ६० पिना असतात, तर एनईएसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी आवृत्तीच्या कॅसेटला ७२, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्यात बसत नाही. ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा दिलेले असतात आणि त्यांना संग्राहकांच्या बाजारात फारसा भाव नाही. पण त्याच नकली कन्सोलचा मूळ खोका, भारतात छापलेलं माहितीपत्रक, दुकानाचं वॉरंटी कार्ड, लाइट गन (टीव्हीवर नेम धरायची बंदूक) असं सगळं शाबूत असेल तर तो संच फेकायचा नाही. यंत्रं लाखांनी बनली, पण खोके तेव्हाच रद्दीत गेले.

डिस्कची निवड सोपी आहे. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची, म्हणजे पीएस१ ची, अस्सल डिस्क खालून काळी, पीएस२ ची सीडी निळी आणि डीव्हीडी रुपेरी. जांभळट किंवा हिरवट झाक दिसली की ती कुठेतरी राइट केलेली आहे असं समजा. रुपेरी रंगावर मात्र विसंबू नका, कारखान्यात छापलेल्या पायरेटेड डिस्कही रुपेरीच असतात. भोकाभोवतीचं आरशासारखं कडं उजेडात तिरकं धरा. तिथे कोरलेला कोड आणि छापील बाजूवरचा क्रमांक जुळला पाहिजे. भारत पाल (टीव्ही प्रसारणाची एक पद्धत) पट्ट्यात येत असल्याने इथे अधिकृतपणे विकलेल्या गेमवर एसएलईएस किंवा एससीईएस अशी सुरुवात असते. एसएलयूएस म्हणजे अमेरिकेची, एसएलपीएम किंवा एसएलपीएस म्हणजे जपानची. अशी परदेशी डिस्क बिनचिपच्या, म्हणजे परदेशी किंवा कॉपी केलेल्या डिस्क चालवणारी जादा चिप न बसवलेल्या, भारतीय पीएस२ वर चालत नाही, हे घेणाऱ्याला आधीच सांगितलं तर पुढची वादावादी वाचते.

फूटपाथवरून घेतलेल्या पायरेटेड डीव्हीड्यांची थप्पी जाहिरातीच्या फोटोतसुद्धा येऊ देऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिवाय जाणता खरेदीदार ती थप्पी बघून कन्सोलचाही भाव पाडतो, कारण चिप बसवताना कुणी कसं सोल्डरिंग केलं असेल याचा भरवसा नसतो. चिप असेल तर तसं सरळ लिहा. काहींना तीच हवी असते.

गेमबॉय अॅडव्हान्सच्या (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) कॅसेटमध्ये, विशेषतः पोकेमॉनमध्ये, नकलांचा सुळसुळाट आहे. कॅसेट खालून बघा. अस्सल असेल तर सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसतं, आणि पुढच्या लेबलवर नखाला जाणवेल असा दोन अंकी आकडा दाबलेला असतो. पोकेमॉनचे रुबी, सफायर, एमराल्ड सुरू करताना ‘आतली बॅटरी संपली आहे’ असा संदेश आला तर घाबरू नका. त्यांतली सीआर१६१६ बॅटरी फक्त घड्याळासाठी असते, सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, तिच्यावर अवलंबून नसतो. त्याआधीच्या गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलचं तसं नाही. त्यांत सीआर२०२५ असते आणि ती गेली की सेव्हही गेला.

इथे क्रम चुकतो. खरेदीदाराला खूश करायला आधी बॅटरी बदलली जाते आणि पंचवीस वर्षं जपलेले पोकेमॉन त्याच क्षणी पुसले जातात. आधी जीबीएक्सकार्टसारख्या कॅसेट वाचणाऱ्या रीडरने सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग कॅसेट उघडा. गेमबॉय आणि एसएनईएसच्या (एनईएसनंतरची निन्टेंडोची कन्सोल) कॅसेटला ३.८ मिमी गेमबिट, म्हणजे खास आकाराचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, जुन्या निन्टेंडो कन्सोलना ४.५ मिमी, अॅडव्हान्सच्या कॅसेटला तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने झटापट केली की स्क्रूचं डोकं झिजतं आणि कॅसेट कुणीतरी उघडली आहे हे आयुष्यभर दिसत राहतं. नवी बॅटरी टॅब (धातूच्या पट्ट्या) वेल्ड केलेलीच घ्या. साध्या बॅटरीवर थेट सोल्डर केलं तर ती तापून फुगू शकते. हे जमणार नसेल तर बॅटरी जुनीच राहू द्या आणि जाहिरातीत तसं लिहा. पीएस२ चा प्रश्न सोपा आहे, ८ एमबीचं मेमरी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवलं की झालं.

भावाकडे वळू. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती बातमी वाचून माळा उपसायला निघालेल्यांनी ‘सीलबंद’ हा शब्द पुन्हा एकदा वाचावा. सुटी कॅसेट, खोका-पुस्तिकेसह कॅसेट आणि सीलबंद प्रत यांचे तीन वेगळे बाजार आहेत. ईबेवर बघायचं तर लोक मागत असलेला भाव सोडा, ‘विकले गेले’ हा फिल्टर लावून प्रत्यक्ष व्यवहार बघा. प्राइसचार्टिंग या भाव नोंदवणाऱ्या साइटवर तीच वर्गवारी आयती मिळते. तो डॉलरचा आकडा जसाच्या तसा रुपयांत गुणून भारतात मागू नका, इथे घेणारे मोजके आहेत. आणि बाहेर विकायचं तर टपालखर्च, तिकडचं आयातशुल्क आणि साइटचं कमिशन वजा केल्यावर साध्या गेममध्ये हातात काही उरत नाही. बाहेर पाठवण्याजोगं तेच, जे तिकडे मिळतच नाही.

असं काही आपल्याकडे असतं का? असतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. पीएस२ भारतात इतका उशिरापर्यंत चालला की खास इथल्यासाठी गेम निघाले. २००९ मध्ये हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला. त्याच सुमाराला कबड्डी, विटीदांडू असे आपले खेळ घेऊन ‘देसी अड्डा’ आला. २०१३ मध्ये, म्हणजे पीएस४ निघाला त्या वर्षी, ‘डॉन २’ चा गेम पीएस२ वर निघाला. खेळायला हे काही फार थोर नव्हते, तेव्हा लोकांनी नावंच ठेवली. पण सगळे देश, सगळ्या आवृत्त्या गोळा करणाऱ्या परदेशी संग्राहकाला अशीच डिस्क हवी असते. सेगा या जपानी कंपनीच्या कन्सोलचंही तसंच. मेगा ड्राइव्ह भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत आला तो १८ हजार रुपयांना. तेव्हा तो किती घरांत शिरला असेल याचा अंदाज करा. यंत्र जगभर सापडतं, पण इथल्या विक्रीचा खोका, बिल, वॉरंटी कार्ड सापडत नाही.

म्हणून एमआरपीचं स्टिकर कधीही खरवडू नका. ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून लोक हेअर ड्रायर लावून तेच आधी काढतात. आयातदाराचं नाव, महिना-वर्ष आणि किंमत असलेला तो चिटोरा हाच ती प्रत भारतात विकली गेल्याचा पुरावा. विकण्याआधी खोका, पुस्तिका आणि डिस्कची छापील बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. डिस्कच्या नोंदी रीडम्प या साइटवर आणि कॅसेटच्या नो-इन्ट्रो या साइटवर ठेवल्या जातात. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. आपल्या गेमची गत याहून बरी असण्याचं काही कारण दिसत नाही. वस्तू गेली तरी नोंद राहावी एवढं तरी करता येतं.

‘चालू कंडिशन’ लिहिण्याआधी कन्सोल खरोखर चालवून बघा. पीएस२ मध्ये सीडी आणि डीव्हीडीसाठी वेगवेगळे लेसर डायोड असतात, त्यामुळे रुपेरी डिस्क चालली म्हणून निळी चालेलच असं नाही. एक काळी, एक निळी, एक रुपेरी अशा तिन्ही लावा आणि रुपेरीवर अर्धा तास तरी खेळा. गरम झाल्यावर अडखळणारी मशीन पहिल्या पाच मिनिटांत काही दाखवत नाही. जुन्या नकली कन्सोलला एव्ही पिना असतील तर त्याच वापरा, आरएफ वायरवरून नव्या टीव्हीत चॅनल शोधत बसण्यात अर्थ नाही. लाइट गन एलसीडीवर चालत नाही. तो बंदुकीचा दोष नव्हे, तिला पिक्चर ट्यूबचाच टीव्ही लागतो.

अडॅप्टरपाशी मात्र थांबा. फॅमिकॉम आणि पहिला मेगा ड्राइव्ह डीसीवर चालतात आणि दोन्हींची मधली पिन ऋण असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अडॅप्टरची मधली पिन धन असते. एनईएसचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो आणि तरीही त्याची पिन मेगा ड्राइव्हमध्ये छान बसते. बसली म्हणून लावली की कन्सोल कामातून गेलं. लेबलवरची खूण वाचा, मल्टिमीटरने ध्रुव तपासा, आणि ज्याचा अडॅप्टर त्यालाच कागदी टेपने चिकटवा.

कॅसेट दिसली की फुंकर मारायची सवय सुटत नाही, पण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळेल. काडी पिनांच्या लांबीने फिरवा, काळी निघेनाशी होईपर्यंत बदलत राहा, आणि पाच मिनिटं वाळू द्या. सेल गळलेल्या गेमबॉयचं गणित जरा वेगळं. अल्कलाइन सेलचा पांढरा चुरा व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने निघतो. साधा झिंक-कार्बन सेल गळला असेल तर ते आम्लधर्मी असतं, तिथे ओला खाण्याचा सोडा चालतो. नंतर दोन्ही ठिकाणी अल्कोहोल.

आपल्या हवेत साठवणीतली नासधूस वेगळीच असते. रबर बँड उन्हाळ्यात वितळून कॅसेटच्या लेबलला चिकटतात. कंट्रोलरची वायर कन्सोलभोवती गुंडाळून ठेवली तर वायरीतला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि प्लास्टिकवर कायमचा चर पडतो. थर्माकोलच्या साच्यात वायर ठेवली तर ती त्यात रुतूनच बसते. हे डाग जात नाहीत, दाखवूनच विकावे लागतात. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळा काढलेल्या पुस्तिकांवर बुरशीचे ठिपके असतील तर तेही जवळून फोटो काढून दाखवा.

विकताना आधी दुर्मीळ सुट्या वस्तू काढा. मग कन्सोल, एक कंट्रोलर, वायरी आणि दोन-तीन लोकप्रिय गेम असा जोडला की चालणारा संच करा. घरगुती गिऱ्हाईक असाच संच शोधतं. उरलेल्याचा ढीग शेवटी. चोर बाजारातला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातला विक्रेता ढिगाला ढिगाचाच भाव देणार, त्यात त्याची चूक नाही. ऑनलाइन विकताना ‘लष्करात आहे, पैसे आधी पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा भेटला की फोन ठेवा. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना यूपीआय पिन टाकावा लागतो.

पार्सल करताना सीरियल नंबरपासून टेप लावेपर्यंत सलग व्हिडिओ काढा. ट्रेमध्ये डिस्क राहू देऊ नका, कंट्रोलर वेगळा गुंडाळा, खोक्यात खोका घाला आणि जून ते सप्टेंबर असेल तर आतल्या खोक्याला प्लास्टिकची पिशवी. पीएसपीची (सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र) बॅटरी टेबलावर ठेवून फिरवून बघा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगली आहे. टोचायची नाही, दाबून झाकण लावायचं नाही, पाठवायची तर अजिबात नाही. पीएसपी बॅटरीशिवाय अडॅप्टरवर चालतो, तसाच विका.

फुगलेल्या बॅटऱ्या, मेलेले अडॅप्टर, बोर्ड जळालेली कन्सोल हे सगळं नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. सोबतचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र लगेच देऊन टाकू नका. लाइट गनच्या जाहिरातीत त्याचाही फोटो टाका, ‘स्वतः येऊन न्यावा लागेल’ अशा अटीवर. नाहीच कुणी आलं तर तोही त्याच केंद्रात, भंगारवाल्याकडे नको. तिथे तांब्यासाठी ट्यूब फोडतात आणि तिच्या काचेत शिसं असतं.