बोटाखाली आलेली ओळखीची चाल

मी ब्रेल छापखान्यात प्रूफं तपासतो. डोळे जन्मापासून नाहीत, त्यामुळे सगळं काम बोटांवर. शेजारी कॉपीहोल्डर मॅडम छापील प्रत मोठ्याने वाचतात, मी ब्रेलवरून बोट फिरवतो. जुळलं नाही की म्हणतो, "थांबा." शाळेची पुस्तकं, बँकेच्या परीक्षांचे संच, झालंच तर पंचांग. पाश्चात्त्य संगीताचं नोटेशन वर्षातून दोनदा-तीनदा येतं आणि ते नेहमी माझ्याच गळ्यात पडतं.

त्या नोटेशनमध्ये पाच रेघा नसतात. सहा ठिपक्यांत सगळा कारभार. सी हा स्वर डी या अक्षराने लिहायचा, डी हा ई ने. सगळ्यात लांब पूर्ण स्वर आणि आखूड सोळांश स्वर यांची खूण एकच. कुठला ते बारमधली, म्हणजे तालाच्या एका खंडातली, मोजणी करून ओळखायचं. व्हायोलिनवाल्याचे तर दोन्ही हात अडकलेले, म्हणजे एक ओळ वाचा, पाठ करा, मग वाजवा.

त्या दिवशी समोर जर्मन संगीतकार वेबरचा व्हायोलिन सोनाटा होता, ओपस 10 मधला पहिला, 1810 सालचा. दुसऱ्या भागाचं नाव 'रोमान्झं'. मॅडम एकसुरात वाचत होत्या, माझं बोट चाललं होतं. चार-सहा बार झाले आणि मी नकळत गुणगुणायला लागलो. मॅडम म्हणाल्या, "सर, हे पूर्वी केलंय का आपण?"

केलं होतं. पण वेबरच्या नावाने नव्हे.

सहा महिन्यांपूर्वी व्हायोलिन शिकणाऱ्या एका मुलीसाठी मी 'सिसिलिएन' नावाची छोटी रचना ब्रेलमध्ये उतरवली होती. संगीतकार मारिया थेरेझिया फॉन पाराडीस. पान देताना मीच ऐटीत सांगितलं होतं, "अगं, ही बाई आपल्यातली. व्हिएन्नाची, 1759 चा जन्म, लहानपणीच दृष्टी गेलेली." मुलगी हरखली. हॅरी-मेगनच्या लग्नात, 2018 साली, हेच चेलोवर वाजलं होतं, तेही तिने शोधून मला ऐकवलं.

आता तीच चाल वेबरच्या पानावर. हुबेहूब म्हणणार नाही, पण सख्खी भावंडं ओळखू यावीत इतकी. माझा पहिला विचार वकिली होता: वेबरनेच बाईंचं उचललं असणार! 1810 मध्ये त्या हयात होत्या, 1824 ला वारल्या. जेवणाच्या सुट्टीत स्क्रीन रीडर लावून शोधत बसलो. डबा तसाच राहिला. वकिली टिकली नाही. 'सिसिलिएन'चं मूळ हस्तलिखित कुणालाच सापडलेलं नाही. 1924 च्या सुमारास सॅम्युअल दुश्किन या व्हायोलिनवादकाने ते पाराडीसच्या नावावर छापलं, आणि जाणकार ते त्याचंच, वेबरवरून बेतलेलं, मानतात. त्या काळी असले उद्योग चालायचे. फ्रिट्झ क्राइस्लर या नामांकित व्हायोलिनवादकाने तर 1935 मध्ये स्वतःच कबुली दिली, की जुन्या उस्तादांच्या नावावर खपवलेल्या कितीतरी रचना माझ्याच.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाईंचं स्वतःचं काय कमी होतं? साठेक कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायच्या मोठ्या रचना, त्यांना पाठ होते असं सांगतात. 1784 मध्ये पॅरिसच्या कॉन्सेर स्पिरिच्युएल या मैफलींच्या मालिकेत त्या चौदा वेळा वाजवायला बसल्या. त्यांना पत्रं लिहिता यावीत म्हणून केम्पेलेनने हाताने चालवायचं छपाईयंत्र करून दिलं. बुद्धिबळ खेळणारा 'तुर्क' नावाचा यांत्रिक बाहुला केला तो हाच. त्या तुर्काच्या पोटात माणूस लपवलेला असायचा, हे छपाईयंत्र मात्र खरं. पुढे योहान रीडिंगरने खुंट्यांची एक पाटी बनवली, तिच्यावर त्या स्वर मांडायच्या आणि कुणीतरी ते कागदावर उतरवून घ्यायचं. पॅरिसला त्यांची आणि व्हॅलेंटिन आवीची भेट झाली, त्यांची वाचण्या-लिहिण्याची साधनं त्याने पाहिली. त्यानंतर थोड्याच काळात त्याने अंधांची शाळा काढली. त्याच शाळेत 1819 मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. म्हणजे माझा पगार कुठून निघतो ते बघा.

पण लोकांना बाई आठवते ती मेस्मर या डॉक्टरमुळे. 1777 मध्ये त्याने लोहचुंबकी उपचार केले, थोडं दिसू लागलं म्हणे, आणि पियानो वाजवणं बिघडलं. आईवडिलांनी तिला घरी नेलं. ही गोष्ट मला डोळस लोकांनी किमान दहादा सांगितली आहे. 1797 मध्ये प्रागला पडलेला तिचा 'रिनाल्डो उंड अल्चिना' हा ऑपेरा किंवा 1808 मध्ये तिने व्हिएन्नात काढलेली संगीतशाळा, यांबद्दल एकानेही नाही. तो ऑपेरा तर आता हरवलाच आहे.

संध्याकाळी मुलीला फोन केला. घसा खाकरून सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं रडते की काय.

"काका, परीक्षेत वाजवायचं ना पण ते?"

"वाजव की. तुझ्या प्रतीचं पहिलं पान तेवढं मी बदलून देतो."

"मग तिचं खरं कुठलं आहे? ते द्या."

व्हायोलिनचं देण्यासारखं माझ्या हाती काही लागलं नव्हतं. पण प्रवासात रचलेली तिची बारा गाणी आहेत, 1786 मध्ये लाइपझिगला छापलेली. "गाण्याची ओळ व्हायोलिनवर घेईन मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वेबर संपवून आम्ही त्यातलं 'गेर्टनरलीडशेन', माळ्याचं छोटं गाणं, काढलं. मॅडमना जर्मनचा गंध नाही, त्या एकेक अक्षर फोडून सांगत होत्या. दुसऱ्याच अक्षरावर अडल्या. "सर, ए आहे, पण डोक्यावर दोन टिंबं आहेत. काय करू?"

"डॉट तीन, चार, पाच."

"म्हणजे आपल्या मराठी ब्रेलमधला आ?"

"आपला आ. पुढे वाचा."

शब्दांत पुढे जिथे जिथे तसला ए आला, तिथे मॅडम 'आ' म्हणत राहिल्या. मी थांबवलं नाही.